दोन्ही बाजूंची चाकं

बंदरात फेरी मारणाऱ्या त्या छोट्या बोटीला दोन्ही बाजूंना मोठाली लाकडी चाकं होती. पाणी मागे लोटत ती बोटीला पुढे नेत होती. उजवीकडे मालवाहू जहाज दिसलं, आणि फोटो काढायला सगळे तिकडे धावले. आम्हीही. बोट कलली. डावं चाक पाण्याबाहेर येऊन हवेतच गरगरू लागलं आणि बोट डावीकडच्या खडकांकडे वळू लागली.

मी ह्यांचा हात घट्ट धरला.

"काका, तुम्ही तिथेच बसा! मावशी, तुम्ही डावीकडे जा, लवकर!" बोट चालवणारा तांडेल ओरडला.

अशा वेळी हात सोडायला सांगतो, काय माणूस आहे! चरफडतच मी डावीकडे जाऊन बसले. पाठोपाठ आणखी काहीजण आले. चाक पुन्हा पाण्याला टेकलं, बोट सरळ झाली.

संकटात आपल्या माणसाला बिलगावं, एवढंच मला आजवर ठाऊक होतं. इथे सगळे एकमेकांना बिलगून राहिलो असतो, तर खडकावरच आदळलो असतो.

पलीकडून ह्यांनी 'इकडे ये' अशी खूण केली. मी मानेनंच नाही म्हटलं आणि ह्यांच्यासाठीच, बाकाची कड धरून, होते तिथेच बसून राहिले.