केवलराम पाणकर

केवलराम भंडाऱ्याकडला. पोलादाच्या प्लांटात कोक ओव्हनवर नोकरी, सेक्टर दोनमध्ये क्वार्टर, आणि ड्यूटी सुटली की सायकल हाणत कुम्हारीकडे. तिथे ठेक्याने घेतलेल्या तुकड्यात तो आणि त्याची बायको गयाबाई टमाटे लावत.

तुकडा कालव्याच्या अगदी शेपटाला. पाणीपट्टी एकरावर, म्हणजे पाणी कितीही घ्या, पट्टी तीच. मग कालव्याच्या तोंडाशी, जिथे पाणी आधी पोचतं तिथे शेत असलेला ओमप्रकाश उन्हाळी धानात तळं करून ठेवायचा. का नाही ठेवणार? वाचवून त्याला काय मिळत होतं? शेपटापर्यंत पाणी उरायचं नाही, म्हणून केवलराम पट्टी भरूनही विहिरीवर डिझेल जाळायचा. त्यामुळे त्याचे टमाटे बाहेरून ट्रकने येणाऱ्या टमाट्यांपेक्षा महाग पडायचे. आम्ही सेक्टरच्या बायका ट्रकचेच घ्यायचो. उगाच गोड कशाला बोलू?

"बाई, या साली शेपटाले पाणी नाही आलं तं ठेका सोडा लागते," तो म्हणाला.

त्याने शेपटाच्या लोकांना जमवलं, पाळ्या ठरवल्या आणि स्वतः पाणकर झाला. त्याच्या गावी तलावाचं पाणी पाणकरच वाटायचा. त्याने बंद केलेल्या पाटाच्या तोंडावर कडुनिंबाची फांदी खोचली की सावकारसुद्धा हात लावायचा नाही. केवलरामला वाटलं, इथेही तसंच. त्याने ओमप्रकाशच्या शेतात जाणाऱ्या पाटाचं तोंड मातीने बुजवलं, वर फांदी खोचली आणि रस्त्याकडे पाठ करून बिडी पेटवली.

ओमप्रकाशला त्या फांदीचा अर्थ कोण सांगणार? तो फावडं घेऊन आला.

"हट जा, केवल."

"पाळी शेपटाची आहे, भैय्या." हा मागेही वळला नाही.

फावड्याचा घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज निंदणी आटोपून त्याच्याकडेच येत असलेल्या गयाबाईला ऐकू गेला. विळा घेऊनच ती धावली. दुसरा घाव डोक्यात बसायच्या आत तिने ओमप्रकाशचा हात मनगटापासून कोपरापर्यंत फाडला. तो खाली पडला, तरी ती थांबेना. शेपटाच्या चिंधूने कंबरेला मिठी मारून ओढली, तर त्यालाही चावली. पाटातलं पाणी लाल झालं. ज्यांच्यासाठी हे सगळं, ते बाकीचे लोक बांधावर उभे होते.

पुढच्या पाळीला गयाबाई एकटीच त्या पाटाच्या तोंडाशी जाऊन बसली. विळा मांडीवर, नजर रस्त्यावर. ओमप्रकाश हाताला पट्टी बांधून पलीकडे उभा राहिला, आई-बहिणीवरून शिव्या देत. पाट मात्र ओलांडला नाही. पाणी शेपटापर्यंत पोचलं आणि टमाटे तगले.

बाजारात ते ट्रकच्याच भावाने गेले. कष्टाचा वेगळा भाव कोण देतो?

केवलरामचा उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. प्लांटने त्याला कोक ओव्हनवरून काढून झाडू दिला.

"पुढच्या साली ठेका घेणार का?" मी गयाबाईला विचारलं.

"अर्धा नवरा देला पाण्यापायी," टमाटे तोलत ती म्हणाली. "उरला तो नाही देत. किती घालू, बाई?"

तिने ठेका सोडला. आता ते शेत ओमप्रकाश करतो. तिथेही धानच लावतो.