सुखदेवचा मिसकॉल

रोज सकाळी सात वाजता सुखदेवचा फोन यायचा आणि दोन रिंगा वाजून बंद व्हायचा. अर्थ एवढाच, की मी चौकात पोचलो, तू चहाला ये. सोळा वर्षं हा रिवाज चालला. फोन उचलायचा नाही हे आमचं ठरलेलं. चुकून उचलला तर पलीकडून शिवी ऐकावी लागे. त्या गुरुवारी सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला आणि वाजतच राहिला. मी दाढी करत होतो. स्क्रीनवर त्याचं नाव पाहून बायकोला म्हणालो, "आज लंबा मिसकॉल देऊन राहिला गडी, खुशीत दिसते." बंद झाला, पुन्हा वाजला. मी आरशात पाहून हसलो. हो, हसलो. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा चिडून उचलला आणि ओरडलो, "अबे, येऊन राहिलो ना!" पलीकडे सुखदेव नव्हता. त्याची बायको, छायावहिनी होती. "भाऊजी, हे उठून नाही राहिले… मी कवाची फोन लावून राहिली."

धंतोलीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, की तो झोपेतच गेला होता, तुमच्या पाच मिनिटांनी काही फरक पडला नसता. डॉक्टर खोटं कशाला बोलतील! पण मला ते आजही पटत नाही. चोपन्न वर्षांचा माणूस. आदल्या संध्याकाळी माझ्या दुकानात उभा राहून अर्धा किलो संत्री एकटा खाऊन गेला, सालं माझ्या टेबलावर टाकून. ती सालं मी दुसऱ्या दिवशी, त्याला अंबाझरीच्या घाटावर पोचवून आल्यावर पाहिली. अजून ओली होती. मला काही समजेचना. मेलेल्या माणसाने सोललेली सालं ओली कशी असतात?

आमची ओळख धंतोलीतच झाली. माझा तिथे सायबर कॅफे होता, सहा कॉम्प्युटरचा. आता तिथेच माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. शेजारच्या पॅथॉलॉजीवाल्यांनी तेव्हा रक्ताचे रिपोर्ट वेबसाइटवर टाकायला सुरुवात केली होती, आणि ती वेबसाइट सुखदेवने बनवली होती. नरखेडचा, कुहीचा पेशंट रिपोर्टसाठी दोनदा एसटीने येण्याऐवजी गावाजवळच्या कॅफेत पाहू शकेल, असा विचार. विचार चांगला होता, पण पासवर्ड कोणाच्या लक्षात राहतो? लोक माझ्याकडे येत, "भाऊ, तूच लिहून ठेव नं," म्हणत. मी एक रजिस्टर केलं. नाव, गाव, पासवर्ड. रिपोर्ट मीच उघडून द्यायचो आणि वाचूनही दाखवायचो. ठळक अक्षरात असलं की काहीतरी बिघडलं आहे, एवढं मला कळायला लागलं होतं. बाया-माणसं माझ्या तोंडाकडे पाहत बसायची.

एक दिवस एका पोरीच्या काकाने, मी जेवायला गेलो असताना, रजिस्टर उघडून तिचा रिपोर्ट पाहिला आणि गावभर केला. तिचं जमलेलं लग्न मोडलं. सुखदेवला कळलं तसा तो दुकानात आला. तेव्हा आम्ही दोस्त नव्हतो. त्याने रजिस्टर उचललं आणि माझ्या डोळ्यांसमोर टराटरा फाडलं. "तुह्या रजिस्टरात लोकायची आब्रू लिवून हाये बे, आन् तू वरणभात खायले गेला?" मी उलटून बोललो, की मग तुझे पासवर्ड लोकांना पाठ करून दे. नेमका तेव्हाच समोरच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने मुलाला मिसकॉल दिला, 'मोटरसायकल घेऊन ये' या अर्थाचा. सुखदेव त्या म्हाताऱ्याकडे बघतच बसला.

महिन्याभरात त्याने करून दाखवलं. पेशंटने कॅफेत बसून आपला नंबर टाकायचा, मग स्वतःच्या मोबाइलवरून ठरलेल्या नंबरवर मिसकॉल द्यायचा. तिकडे सुखदेवच्या घरी कॉम्प्युटरला वायरने जोडलेला एक बटणांचा फोन. त्याने नंबर ओळखला की कॉल कापायचा आणि इकडे रिपोर्टचं पान उघडायचं. पासवर्ड नाही, रजिस्टर नाही, पैसा नाही. पाच मिनिटांनी पान आपोआप बंद, म्हणजे उठून गेलेल्या माणसाचा रिपोर्ट मागून येणारा वाचणार नाही. पॅथॉलॉजीने प्रत्येक पावतीच्या खाली दोन ओळी छापल्या: या नंबरवर मिसकॉल द्या, फोन उचलल्या जाणार नाही. 'उचलल्या जाणार' हे सुखदेवचंच मराठी. मी चूक काढली तर म्हणाला, "नागपुरात असंच म्हणतेत."

नंतर ही युक्ती त्याने आणखी दहा-बारा लहान दवाखान्यांना, दोन वाचनालयांना बसवून दिली. त्याचं पेटंट घ्यावं, हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही. मागच्या वर्षी एका मोठ्या कंपनीची नोटीस आली. वेबसाइटवर माणूस ओळखायची, न उचललेल्या फोनवरून आत घ्यायची पद्धत आमची आहे, तिचं पेटंट आम्हाला मिळालं आहे, तुम्ही ती ताबडतोब बंद करा. नोटीस हातात धरून तो माझ्या दुकानात खुर्चीवर बसला. रागावलाही नाही. एकच वाक्य चारदा बोलला, "मले चोर म्हणून राहिले बे बंडू."

मी म्हणालो, सोड, बंद करून टाक, आजकाल सगळ्यांकडे स्मार्टफोन आहेत. त्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. पेटंट मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत त्यावर हरकत घेता येते, हे त्याने शोधून काढलं. ओळखीतली एक वकील पोरगी तयार झाली. तिने सरळ सांगितलं, "काका, कंपनीने अर्ज केला त्याच्या आधीपासून हे लोकांच्या वापरात होतं, एवढं सिद्ध करा. पण तोंडी नको. तारखेचा कागद पाहिजे." आणि इथेच गाडी अडली. पॅथॉलॉजीने जुने कागद कधीचे रद्दीत घातले होते. सुखदेवचा जुना कॉम्प्युटर होता, पण त्यातल्या तारखा कोणीही बदलू शकतो, असं कंपनी म्हणणार. माझं रजिस्टर असतं तर निदान जुन्या पेशंटांची नावं-गावं हाती असती… पण ते त्यानेच फाडलं होतं!

शेवटी मलाच सुचलं. आपल्याकडचा खेड्यातला माणूस सगळं फेकेल, पण दवाखान्याचा कागद फेकणार नाही. मला आठवतील ती नावं आणि गावं घेऊन आम्ही मोटरसायकलवर निघालो. पाच रविवार फिरलो. नरखेड तालुक्यात एका संत्र्याच्या बागेतल्या घरात एक आजी भेटल्या. खुंटीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत नवऱ्याचे एक्सरे, गोळ्यांची रिकामी पाकिटं, चिठ्ठ्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. "फेकाव नाई बावा, डाक्टर मांगते," त्या म्हणाल्या. आणि त्यातून निघाली ती पावती. तारीख, शिक्का, आणि खाली त्या दोन ओळी. सुखदेवने ती दोन्ही हातांत धरली आणि लहान पोरासारखा रडला. आजी घाबरून म्हणाल्या, "काहून रडतं गा? मानूस तं माहा गेला."

परत येताना विहिरीपाशी तो खाली बसला. घाम आला होता. म्हणाला, "ऊन लागलं बे." मी मोटर चालू करून त्याच्या डोक्यावर पाणी घातलं. मार्चचं ऊन होतं, मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

पेटंट ऑफिसच्या साहेबांपुढची सुनावणी व्हिडिओवर होती. वकील पोरीचं म्हणणं पडलं, की पावती तर आहेच, पण ते चालायचं कसं हे साहेबांना प्रत्यक्ष दाखवू. सुखदेवने जुना कॉम्प्युटर झाडून-पुसून उभा केला, तोच बटणांचा फोन जोडला. दाखवायला एखादा रिपोर्ट हवा होता. जुने पुष्कळ होते, पण तो ऐकेना. "दुसऱ्याचा रिपोर्ट नाही दाखवायचा. एक डाव पाहिलं नं काय झालं ते." मग तो स्वतःच पॅथॉलॉजीत गेला. आता तिथे ईसीजीही काढतात. सगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि स्वतःचा रिपोर्ट त्या जुन्या साइटवर टाकला. वहिनींना सांगितलं, "बिमार-गिमार नाही वं, सँपल हाये."

सुनावणीच्या दिवशी त्याच्या घरी पुढच्या खोलीत तो, मी आणि वकील पोरगी असे तिघं होतो, पडद्यावर पलीकडे साहेब आणि कंपनीचे वकील. मी माऊस धरून बसलो. सुखदेवने मिसकॉल दिला. दोन रिंगा, कट, आणि पान उघडलं. साहेबांनी विचारलं, पान उघडलं का? मी ओरडलोच, "उघडलं साहेब!" त्यांनी पुन्हा करायला लावलं. आम्ही चारदा करून दाखवलं. चारही वेळा उघडलं. त्या संध्याकाळी आम्ही तर्री-पोहे खाल्ले, आणि सुखदेव म्हणाला, "आता निकाल काहीबी लागो, मी चोर नाही हे त्यायनं डोळ्यानं पाहिलं." त्यानंतर आठव्या दिवशी तो गुरुवार आला.

निकाल मागच्या आठवड्यात लागला. कंपनीचं पेटंट रद्द झालं. आदेशात त्या आजींच्या पावतीचा उल्लेख आहे, सुखदेवच्या नावापुढे 'मयत' लिहिलं आहे. मी तो कागद घेऊन वहिनींकडे गेलो. पुढच्या खोलीत तो कॉम्प्युटर तसाच चालू, फोन तसाच वायरीला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आता बंद करून द्या. पण एक डाव मले दाखवा, कशासाठी यायनं एवढा जीव काढला." त्यांनी सुखदेवचा मोबाइल माझ्या हातात दिला. ते पान दुसऱ्या कोणाच्या फोनने उघडतच नाही. मी मिसकॉल दिला. दोन रिंगा, कट. पान उघडलं.

आणि मी ते पहिल्यांदा वाचलं.

नाव, वय, रक्त, साखर. मग ईसीजी. शेवटची ओळ ठळक अक्षरात होती: बदल गंभीर आहेत, हृदयरोगतज्ज्ञांना तातडीने दाखवा. त्यांनी अगदी स्पष्ट लिहिलं होतं हो. ती ओळ चारदा माझ्यासमोर उघडली होती. ज्याने कॅफेत बसून अख्ख्या विदर्भाचे रिपोर्ट वाचून दाखवले, त्या माझ्यासमोर! मी फक्त पान उघडतं की नाही ते पाहत होतो. वहिनी मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "काय लिवलं हाये भाऊजी? वाचा नं."

मी वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आवाज न बदलता, कॅफेत वाचायचो तसं. वहिनी पडद्याजवळ सरकल्या. मग विचारलं, "त्या दिवशी हे सगळ्यायनं पाहिलं?"

"हो वहिनी."

"यायनंबी?"

सुनावणीच्या आधी त्याने ते पान पन्नास वेळा तरी उघडून पाहिलं असेल. त्याला ते दिसलं होतं आणि सुनावणी होऊ दे म्हणून तो थांबला होता, की त्यालाही माझ्यासारखंच फक्त पान दिसत होतं… हे मला आता कोण सांगणार? आम्ही दोघं तसेच बसलो. पाच मिनिटं झाली आणि पान आपोआप बंद झालं. कॉम्प्युटर मी बंद केला नाही. वहिनींनीही पुन्हा म्हटलं नाही.

निघताना मी त्यांना सांगितलं, की रोज सकाळी सातला त्याच्या फोनवरून एक रिंग देत जा, म्हणजे तुम्ही उठल्या, ठीक आहात, हे मला कळेल. त्या देतात. त्याचंच नाव स्क्रीनवर येतं. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत मी फोन उचलतो. वहिनी रोज रागावतात, "काहून उचलता भाऊजी? मिसकॉल हाये नं."

"असू द्या," मी म्हणतो. "मी उचलतो."