भागीरथाबाईंच्या पायांनी काढलेला दम

भागीरथाबाईंचं अर्धं आयुष्य चुलीच्या धुरात गेलं होतं. आधी जबलपूरजवळ पाटणला आईच्या घरी, आणि लग्नानंतर जबलपूरला दीक्षितपुऱ्यात. भंडारा-नागपूरकडून नोकरीला आलेल्या पोरांची मेस त्या चालवायच्या. झुणका, वांग्याची भाजी, परातभर भाकरी. गॅस आला तेव्हा केस पांढरे झाले होते. आणि साठी उलटली तशी दम लागून जिन्याच्या मध्यावर बसायची पाळी आली.

"मी तर कधी बिडी ओढली नाही. मलेच काहून?" त्या नवऱ्याला विचारायच्या.

अंबादास पोस्टमन होते, आता निवृत्त. त्यांनी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून ताकदीच्या पावडरचा डबा आणला. डबा संपला की दुसरा. भागीरथाबाई दुधात पावडर ढवळून प्यायच्या आणि पलंगावर पडून ताकद यायची वाट पाहायच्या. पावडर पोटात जायची, ताकद कुठे जायची कोण जाणे. अंग वाळत चाललं होतं. चालणं बंद झालं, मग आंघोळीनंतर लुगडं नेसतानाही धाप लागू लागली.

शेवटी सरकारी दवाखान्यात गेल्या. डॉक्टर कुंदा बोरकर त्यांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी एक नळी तोंडात धरायला लावली. "फुंका मावशी, जोरात! और, और, अजून!" भागीरथाबाईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"धुरानं श्वासाच्या नळ्या खराब झाल्या आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "त्या नव्यासारख्या होणार नाहीत. हा औषधाचा पंप रोज ओढायचा. आणि रोज चालायचं."

अंबादास उसळले. "डॉक्टरजी, तिले दम लागून राहिला, अन् तुम्ही चालाले सांगता?"

"लागू द्या. दोन शब्द बोलता येतील इतका लागू द्या. मग थांबायचं, ओठ आवळून हळूहळू श्वास सोडायचा, आणि पुन्हा निघायचं."

"अन् पावडर?"

"मावशी वाळल्या आहेत, त्यांना खायला हवंच. दूध, अंडी, शेंगदाणे द्या. पावडरही चालेल. पण नुसतं पडून राहिल्या तर कोणताच डबा कामाचा नाही."

भंवरतालच्या बागेत पहिल्या दिवशी भागीरथाबाई एका बाकापासून पुढच्या बाकापर्यंत गेल्या आणि घाबरून बसल्या. पाण्यात बुडणाऱ्या माणसाला वाटावं तसं वाटत होतं. जबलपूरच्या गल्ल्या पायांखाली घालणारे अंबादास सवयीने दहा पावलं पुढे निघून गेले होते. मागे वळून त्यांनी बायकोचा चेहरा पाहिला आणि लाजले. त्या दिवसापासून ते तिच्या मागून चालू लागले.

ओठ आवळून, फू करत, मग दुसरा बाक, मग तिसरा. घरी खुर्चीतून उठबस, हातात पाण्याच्या बाटल्या धरून वर-खाली. अंड्याचा वास त्यांना सोसत नसे, नाक दाबून गिळायच्या. कधी रडायच्या. "चलो, आज राहू दे," अंबादास म्हणायचे, तर उलट भागीरथाबाईच चपला शोधायच्या.

हिवाळा सरला. फाल्गुनातल्या एका सकाळी दोघं मदनमहालच्या टेकडीखाली उभी होती. काळ्या दगडांना टेकत, थांबत, फू करत भागीरथाबाई चढत गेल्या आणि वर पोचल्या. खाली सारं शहर पसरलं होतं. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि मोठ्याने हसल्या. "पाहा! माझी फुप्फुसं नवी झाली!"

त्याच आनंदात त्या दवाखान्यात गेल्या. पुन्हा नळी, पुन्हा फुंकणं. डॉक्टर कुंदांनी मशीनच्या पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मावशी, फुप्फुसं जशीच्या तशी आहेत. रत्तीभर फरक नाही."

भागीरथाबाईंचा चेहरा पडला. "तुमची मशीन बिघडली असेल."

"मशीन ठीक आहे."

"अच्छा? मग टेकडी कोण चढली?"

डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या आणि त्यांच्या मांडीवर हात ठेवला. "हे पाय चढले. तुम्ही पडून होत्या ना, तेव्हा या पायांना रक्तातली हवा नीट घेता येत नव्हती. लवकर थकायचे आणि सारा ताण छातीवर टाकायचे. तुम्ही चालवलंत तसे त्यांच्यात रक्ताचे बारीक नवे रस्ते फुटले. खाल्लेलं अंगी लागलं, मांस भरलं. आता त्याच एका श्वासातून ते जास्त पिळून घेतात. आणि तुमचं काळीज एका ठोक्यात पूर्वीपेक्षा जास्त रक्त ढकलतं, म्हणून तेवढ्याच चालण्याला त्याला कमी धडधडावं लागतं. श्वास तेवढाच आहे मावशी. शरीर तो वाया घालवत नाही, इतकंच."

 भागीरथाबाईंनी खाली वाकून आपल्या पायांकडे पाहिलं. टाचा भेगाळलेल्या, शिरा वर आलेल्या. या पायांची त्यांनी जन्मात कधी विचारपूस केली नव्हती. आणि पायांनी गुपचूप, कोणी न शिकवता, आतल्या आत रस्ते बांधले होते!

घरी जिना चढून आल्यावर त्यांनी मनगटावर बोट ठेवलं. नाडी पळत होती. मग हळूहळू शांत होत गेली.

"ऐका ना," त्यांनी अंबादासांना हाक मारली. "हात लावा इथं. कशी उतरून राहिली पाहा."

अंबादासांनी बोट ठेवलं. दोघंही देवघरात बसावं तशी ठोके मोजत बसून राहिली.

आजार गेला नाही. पुढच्या एका थंडीत कफ भरला आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. नाकाला प्राणवायूची नळी होती. सकाळी नर्स आली तर चादर पायाशी सारखी हलताना दिसली. चादरीखाली भागीरथाबाई पंजे वर-खाली करत होत्या.

"क्या हुआ अम्मा, पैर दुखते हैं?"

"नहीं बेटी," त्या धापा टाकत म्हणाल्या. "इनको बोल रही हूँ, सो मत जाना."