दादाच्या नावावरची कंपनी

पुण्याच्या खरेदीदाराने फोनवर विचारलं, "कंपनी कुणाची?" मी म्हणाले, "माझीच." तो म्हणाला, "ते कळलं हो, पण नावावर कुणाच्या आहे?"

नावावर होती दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या. धारूरच्या डोंगरातली सीताफळं गोळा करायची, गर काढून गोठवायचा आणि आइस्क्रीमवाल्यांना पुरवायचा, ही सगळी उठाठेव माझी. शेड तेवढं दादाच्या रानात. नोंदणीचा फॉर्म भरताना मालकाचा रकाना आला तेव्हा मीच म्हणाले, दादाचं टाका. थोरला असताना आपलं नाव पुढं करणं आमच्याकडे आगाऊपणाचं. गाडी घेतली तरी नाव थोरल्याचंच. मग परवाना, जीएसटी, डब्यावरचं ब्रँडचं नाव, सगळं त्या एका रकान्यामागे गेलं. एमएस्सी झालेय मी, सांगायला लाज वाटते.

खरेदीदाराला वर्षभराचा करार हवा होता, पण तो मालकाशीच. मला पंधरा दिवस मिळाले. तोवर कंपनी माझ्या नावावर झाली नाही, तर करार दादाशी होणार आणि मी नुसती राबणार.

पुण्याच्या एका वकिलाने तासाभराच्या सल्ल्याची फी सांगितली. 'घरी विचारून कळवते' म्हणत मी फोन ठेवला. बीडच्या कोर्टाबाहेर एकाला गाठलं, तर स्टार्टअप म्हटल्यावर त्याने विचारलं, "गट नंबर काय?" त्याचं तरी काय चुकलं, आमच्याकडे वाद म्हणजे बांधाचाच. पण माणूस भला. म्हणाला, "बाईमाणसाला आत विधी सेवा कार्यालयात फुकट सल्ला मिळतो. उत्पन्नाचा दाखलाबी लागत न्हाई." त्या दारावरून मी कितीदा तरी गेले असेन.

आत बसलेली वकीलबाई माझ्याहून लहान होती, तिच्या घरातली पहिलीच वकील. तिने एकेक कागद वाचला, डब्यावरचं लेबलसुद्धा. म्हणाली, "ताई, या कागदांत तुमी कुठंच न्हाईत. उद्या भाऊ न्हाई म्हणला, तर तुमी तिथं कामाला येणाऱ्या बाई."

मला तिचाच राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा.

तिने सोप्या मराठीत दोन कागद करून दिले. एक धंदा आणि ब्रँड माझ्याकडे सोपवल्याचा, दुसरा शेडच्या भाडेकराराचा. खर्च काय तो स्टॅम्पचा. वर बजावलं, "भांडायला जाऊ नका. शांतपणे पुढं ठेवा."

दादाने कागद बघितले. "कावून गं? भरवसा न्हाई का माझ्यावर?"

"हाय की. म्हणूनच आले."

त्याने चष्मा लावला आणि दोन्ही कागद वाचले, ओळ न् ओळ, दोनदा. मग म्हणाला, "दोन दिवस राहू दे. वकिलाला दाखवतो. सही हाय, खेळ न्हाई."

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने पानापानावर सही करून कागद माझ्या हातात दिले. खूप आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

बीडच्या एसटीत बसल्यावर मात्र डोळे भरून आले. वडील गेल्यावर त्यांच्या जमिनीचं हक्कसोडपत्र आम्ही दोघी बहिणींनी करून दिलं होतं. दादाने जिथं बोट ठेवलं तिथं सह्या केल्या. तो कागद मी वाचायलाही मागितला नव्हता.