उचलून नेलेली माणसं

सकाळी टीव्हीवर चीनची तीन माणसं आकाशातून परत आलेली दाखवली. वर त्यांचं फिरतं स्थानक आहे, तिथं कित्येक महिने राहून आली म्हणे. एकेकाला खुर्चीत बसवून चौघं उचलून नेत होते आणि ती हसून हात हलवत होती. वर वजनच लागत नाही, त्यामुळं पाय भार घ्यायचं विसरतात, असं मुलानं सांगितलं. मग हळूच म्हणाला, "बघा तात्या, त्यांनापण उचलूनच नेतात. खाली रिक्षा थांबलीय. दवाखान्यात जाऊ या की."

मी जन्मभर हमाली केली. पोती पाठीवर घेऊन जिने चढलो. मला कुणी उचलावं हे सोसत नाही, म्हणून पाय गेल्यापासून हा तिसरा मजला सोडला नाही.

"त्यांचे पाय परत येतील," मी म्हणालो. "माझे?"

मुलानं शेजाऱ्याला हाक मारून खुर्ची पुढं केली.

जिन्यात दोघं धापा टाकत होते. पोतं कसं धरायचं ते मी त्यांना शिकवलं असतं, पण पोत्यानं कसं बसायचं ते मला कुठं ठाऊक होतं? दारादारांतून लोक बघत होते. मी हात हलवून बघितला. हसू काही आलं नाही.