कुंपणाची दुमड

टेलरबाईंना एखादी गोष्ट जमणार नाही असं तोंडावर सांगायची हिंमत दोघांतच होती. एक त्यांचं शिलाई मशीन आणि दुसरे त्यांचे सासरे. मशीन तेल घातलं की गप्प बसायचं. सासरे कशानेच बसायचे नाहीत.

बाई लग्नाआधी कपड्यांच्या कारखान्यात नुसत्या कॉलर जोडायच्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कॉलर! बाकीचा शर्ट कोण शिवतं, कोण घालतं, काही पत्ता नाही. लग्न झाल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं, "मला आता अख्खा शर्ट शिवायचाय," आणि भाड्याच्या घराच्या मागच्या व्हरांड्यात मशीन मांडलं. तेव्हापासून गल्लीतले झाडून सगळे कपडे त्यांच्या हाताखालून जातात. कोणी कुरकुरलं, "बाई, जरा घट्ट झालंय हो," तर त्या टेपला हातही न लावता म्हणणार, "कापड तेवढंच आहे. तुम्ही वाढलात." आणि तेच गिऱ्हाईक पुढचं कापड घेऊन पुन्हा यांच्याच दारात.

सासूबाई गेल्यावर सासरे इकडे राहायला आले. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. जन्मभर बस चालवलेला माणूस, खुर्चीत बसले तरी उजवा पाय ब्रेकवर असल्यासारखा पुढे. सोबत त्यांची दोन कुत्री, काळी आणि तिचा लेक भुऱ्या. नवरा कारखान्यात पाळीवर, त्यामुळे दिवसभर घरात बाई, अण्णा आणि कुत्री. चहात साखर किती इथपासून पंखा कितीवर इथपर्यंत दोघांचं रोज वाजायचं. पण खरं सांगायचं तर अण्णा येण्याआधी त्या घरात मशीनशिवाय दुसरा आवाज नव्हता, आणि बाईंना ते दिवस आठवले तरी नको वाटायचे. हे त्यांनी अण्णांना कधी सांगितलं? छे! नाव काढू नका.

मागच्या अंगणाला जाळीचं कुंपण होतं. कुंपणापलीकडे घरमालकांचे टोमॅटोचे वाफे, रोज पाणी घातलेले, माती कशी लोण्यासारखी मऊ. आता सांगा, कुत्र्याच्या जातीने तिकडे बघत नुसतं बसून राहायचं? काळी कुंपणाखाली भोक पाडायची, भुऱ्या ते मोठं करायचा, आणि मायलेक पलीकडे जाऊन वाफ्यात लोळायचे.

एका सकाळी घरमालक मुळासकट उपटलेलं रोप हातात धरून दारात उभे राहिले. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, आवाज कधी चढायचा नाही. त्यामुळेच जास्त भीती वाटायची.

"बाई, आपले संबंध चांगले आहेत. ते चांगलेच राहावेत. पण कुत्री पुन्हा वाफ्यात आली, तर ती या घरात राहणार नाहीत."

ते वळतात न वळतात तोच अण्णा खुर्चीतून म्हणाले, "कुत्री जातील तिथे मी जाईन."

"कुठे जाल?"

"रस्ते काय थोडे पाहिलेत मी?"

म्हातारा बोलल्याप्रमाणे करणारा होता. पण म्हणून हात बांधून बसतील त्या बाई कसल्या! "कोणी कुठे जायचं नाही," त्या म्हणाल्या. "मी बघते."

आधी त्यांनी भोकात विटा ठोकल्या. कुत्र्यांनी विटांच्या शेजारी खणायला घेतलं. कोणीतरी तिखट टाकायला सांगितलं, तेही टाकलं. भुऱ्या सटासट शिंकला आणि दुप्पट जोराने कामाला लागला. अण्णा हे सगळं बघत होते.

"अशी नाही थांबायची ती. कुत्र्याला रिव्हर्स नसतो, सूनबाई. तो कुंपणाला नाक लावूनच खणणार. दोन पावलं मागे येऊन तिथून सुरुवात करू, हे त्याला सुचत नाही."

बाई तेव्हा पडद्याचा खालचा काठ दुमडत होत्या. त्यांचा हात थांबला. कुंपणाला खाली काठच नाही! नुसती कापून सोडलेली कडा. मग उसवणार नाही तर काय? खाली बारीक जाळी जोडायची, ती जमिनीवर आडवी दुमडायची आणि घट्ट टाचून टाकायची. कुत्रा कुंपणाशी खणायला बसला की पंजाखाली तार.

दुसऱ्याच दिवशी जाळी आली. बाईंनी ती तारेने कुंपणाला अशी विणून घेतली की शिवण शोधून सापडू नये. घरमालकांना विचारून दुमड त्यांच्या वाफ्याच्या बाजूला घातली आणि वर माती लोटली. आपल्या अंगणातून पाहिलं तर काही दिसत नव्हतं. बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "याला म्हणतात फिनिशिंग."

सकाळी काळी आणि भुऱ्या टोमॅटोत.

बाई धावत कुंपणापाशी गेल्या. कुत्र्यांनी अंगणातून आरामात खणून, कुंपणाखालून जाऊन पलीकडची जाळी पाठीने तंबूसारखी वर उचलली होती. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. अहो, शिवणकाम करणाऱ्याचीच ही चूक! दुमड कधी दर्शनी बाजूला येऊ द्यायची नाही, ती मागे लपवायची, हे हातात इतकं भिनलेलं, की गिऱ्हाईक बसतं ते आपलं अंगण म्हणजे सुलट बाजू, असं त्यांनी न विचार करताच धरलं. कुत्री मात्र सुलट बाजूनेच खणत होती.

घरमालक वाफ्यात उभे होते. "बाई, मी काय म्हणालो होतो, आठवतं ना?"

व्हरांड्यात अण्णा खुर्चीतून उठले होते आणि चपला शोधत होते. बाईंनी ते पाहिलं. पण आवाज त्यांनी पडू दिला नाही.

"आठवतं. पण चूक माझी आहे, कुत्र्यांची नाही. माझ्याकडून शिवताना चुकलं तर मी उसवून पुन्हा शिवून देते. गिऱ्हाईक कापड फेकून देत नाही. मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

घरमालकांनी वाकून एक आडवं झालेलं रोप उभं केलं. "संध्याकाळपर्यंत," ते म्हणाले.

"अण्णा, चपला घातल्याच आहेत तर इकडे या. तार ओढून धरा."

सबंध दिवस दोघं मातीत बसले. बाई उसवत होत्या, अण्णा ओढत होते, आणि दोघं भांडत होते. "ढिली सोडू नका!" "जन्मभर बस ओढलीय मी, तार काय शिकवतेस!" जाळी आता अंगणाच्या आत दुमडली, लोखंडी आकड्यांनी जमिनीत ठोकली आणि वर विटांची रांग बसवली. दर्शनी बाजूला, सगळ्यांना दिसेल अशी. बाईंच्या डोळ्यांना ती टोचत होती, पण त्यांनी तिकडे कानाडोळा केला.

संध्याकाळी घरमालक आले, ते हातात हाड घेऊनच. बँकेतला माणूस, तपासल्याशिवाय सही कसा करेल? त्यांनी ते आपल्या बाजूला कुंपणालगत ठेवलं. काळी सुटली. दोन्ही पंजांनी माती उडाली, विटा सरकल्या, आणि मग तारेवर नख्यांचा करकर आवाज आला. तिने शेजारी खणलं. करकर. भुऱ्याने कोपऱ्यात जोर लावला. तिथेही तेच. काळीने एकदा हाडाकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि सरळ बसून भुंकायला लागली.

घरमालकांनी हाड उचलून कुंपणावरून आत टाकलं. "राहू द्या कुत्री," ते म्हणाले आणि वाफ्याला पाणी घालायला गेले.

अण्णा खुर्चीत येऊन बसले. हात खरचटले होते. बाई त्यांच्या बोटांना औषध लावत खाली मान घालून म्हणाल्या, "एक सांगू? कुत्री गेली असती ना, तरी तुम्हाला मी जाऊ दिलं नसतं. दारात आडवी पडले असते. हे घर मला पुन्हा रिकामं नकोय."

अण्णा कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

"मग आधी नाही का सांगायचं?" शेवटी ते म्हणाले. "सकाळपासून घास उतरला नाही माझ्या घशाखाली."

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही निवांत खुर्चीत बसला असतात. मग तार कोणी धरली असती?"