वन्सं आणि कुलूपबंद मशीन

माझ्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, कॉम्प्युटर जोडून विकतात. जोडणं त्यांच्या लेखी पोरखेळ. नवं मशीन सुरू झालं, पडदा उजळला, की दुसरा कुणीही हात झटकून मोकळा होईल. वन्संना मात्र तिथून पुढे संशय येऊ लागतो. सुरू झालंय, पण टिकेल का, असं पुटपुटत त्या त्याला एका प्रोग्रॅमच्या हवाली करतात. तो प्रोग्रॅम मशीनला सगळ्या अंगांनी एकदमच असं राबवतो, की गिऱ्हाईक जन्मात राबवणार नाही. त्यात ते दिवसभर तगलं तर विकायचं, नाहीतर पुन्हा खोलायचं.

बाकी सगळ्यालाही हाच न्याय, माणसांनासुद्धा. उकळलेलं दूध त्या दुसऱ्यांदा हुंगतात. दाराला कुलूप लावून जिना उतरतात आणि ओढून बघायला परत चढतात. त्यांना स्वतःला सांगून आलेलं एक स्थळ सगळ्यांच्या पसंतीस उतरलं होतं, पण मुलगा फारच गोड बोलतो, पाणी मुरतंय कुठेतरी, म्हणून यांनी मोडलं. पुढे त्या मुलाचा संसार उत्तम चालला, तरी यांचं म्हणणं हेच, की अजून काय झालंय.

एका बाबतीत त्यांना दोष देता येत नाही. दुकानात पूर्वी एक मदतनीस होता, अगदी घरच्यासारखा. तो नव्या मशीनमधली मेमरी काढून जुनी घालायचा. गिऱ्हाइकं भांडायला आली तेव्हा ते उघड झालं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. त्या मदतनिसाच्या जागी मी आले, म्हणजे ताक मीच.

मी काउंटर सांभाळू लागले त्याच आठवड्यात चाचणीची मशीनं मागच्या कोठीत गेली. तिला खिडकी नाही, दार जाड, कडी फक्त बाहेरून. कडीला कुलूप आणि किल्ली वन्संच्या पर्समध्ये. बाहेर धूळ फार येते, असं मला सांगण्यात आलं. मी काही कुक्कुलं बाळ नाही, पण फडकं घेऊन काउंटर पुसायला लागले. मला ते दुकान आवडायला लागलं होतं. घरात मी कुणाची तरी सून आणि कुणाची तरी आई असायचे, इथे मी नुसती मी होते.

ऑफिसांची छोटी मशीनं त्या कोठीतून सुखरूप बाहेर पडली. मग घरांचे नकाशे काढणाऱ्या एका बाईंचं मोठं काम आलं. त्यांचं आधीचं मशीन ऐन कामात बंद पडायचं, म्हणून त्या वैतागून आमच्याकडे आल्या होत्या. वन्संनी जीव ओतून मशीन जोडलं. कोठीचं दार उघडं ठेवून, समोर स्टुलावर बसून त्यांनी ते किती तापतं ते पाहिलं. आकडा चांगला होता, त्यामुळे तो प्रश्न त्यांनी तिथेच मिटवून टाकला. मग कुलूप लावून जेवायला गेल्या. परत येऊन बघतात तो मशीन बंद.

त्यांनी मेमरी बदलली. वीजपुरवठ्याचा डबा बदलला. समोर बसल्या की मशीन गुणी मुलासारखं चालायचं, कुलूप लावून गेल्या की बंद पडायचं. म्हणजे आपल्या मागे कुणीतरी काहीतरी करतं, असा त्यांनी हिशेब केला. कोठीच्या विजेचं बटण बाहेर, नेमकं माझ्या खुर्चीशेजारी. त्यात दुकानात यायच्या आधी मी एकदा जेवताना बोलून गेले होते, की दुकान भाड्यानं दिलं तर सगळ्यांनाच जरा निवांतपणा मिळेल. ते वाक्य वन्संनी जपून ठेवलं होतं. दुकानाचं नाव बुडालं की ते भाड्यानं जाईल, म्हणून मी बटण बंद करते, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

हे त्यांनी माझ्या नवऱ्याला माझ्यादेखत ऐकवलं. हे मशीन चाचणीत टिकलं नाही तर वहिनी घरीच बरी, असंही सांगितलं. एकीकडे बहीण, दुसरीकडे बायको, इकडे आड तिकडे विहीर. तो "बघू" म्हणाला आणि पेपर उलटा धरून वाचत बसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मशीन न्यायला बाई येणार त्या दुपारी मी सरळ वन्संसमोर उभी राहिले.

"आज तुम्ही आत बसा. मी बाहेरून कुलूप लावते. मी बटण बंद केलं तर आतला दिवाही जाईल. बघा तुमच्या डोळ्यांनी."

वन्संनी मला नीट न्याहाळलं. "आणि तू दार उघडलंच नाहीस तर?"

"तर ओरडा. समोर रस्ता आहे."

त्यांनी पाण्याची बाटली घेतली, फोन घेतला, चाचणी सुरू केली आणि स्टूल ओढून बसल्या. किल्ली माझ्या हातात देताना त्यांची बोटं ती लवकर सोडेनात.

मी खुर्ची उचलून बटणापासून लांब, पलीकडच्या भिंतीला नेऊन टेकवली. आणि मग माझ्या डोक्यात आलं. आज बंद पडलंच नाही तर? वन्सं आत असताना ते चालत राहिलं, तर मीच चोर ठरणार होते. मशीन पडू दे, पडू दे, असा मी मनातून धावा करत होते. कॉम्प्युटरच्या दुकानात बसून असा धावा दुसऱ्या कुणी केला नसेल.

नकाशेवाल्या बाई आल्या. वन्सं कुठेत म्हणून त्यांनी विचारलं. आत आहेत, चाचणी चाललीय, असं मी सांगितलं. त्यांनी कुलपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पर्स दुसऱ्या खांद्याला अडकवली.

तेवढ्यात आतून दार वाजलं. मी कुलूप काढलं तशी गरम वाफ तोंडावर आली. वन्सं घामानं निथळत होत्या, चष्म्यावर वाफ धरली होती. त्यांच्या डोक्यावर दिवा लख्ख चालू होता आणि मशीन बंद पडलेलं होतं. त्या उंबऱ्यात थांबल्या. एक हात आत, एक हात बाहेर धरून हवा चाचपडत राहिल्या.

"आकडा माझ्यासमोर चढत गेला," त्या हळूच म्हणाल्या. "गरम हवेला बाहेर जायला वाटच नाही. मशीन तीच परत आत ओढतं आणि तापून आपोआप बंद पडतं."

बाईंनी लगेच विचारलं, "म्हणजे मशीनमध्येच दोष आहे का?"

कोठीत हवा खेळत नाही, एवढं म्हणून वन्संना सुटता आलं असतं. मला वाटलं, त्या तेवढंच म्हणतील. त्यांनी पदरानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला.

"मशीन चांगलं आहे. दोष माझा. या माझ्या भावजयीवर संशय घेऊन मी ते कोंडून ठेवत होते."

कितीतरी दिवस मी उत्तरं घोकून ठेवली होती, एकाहून एक झोंबणारी. त्यातलं एकही कामाचं उरलं नाही. घरात वन्संनी नवऱ्यासमोर सुनावलं तेव्हा डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, आणि आता रडू फुटलं. तेही एका परक्या बाईसमोर, याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.